नगर पथविक्रेता समिती: रस्त्यावरच्या रोजीचा निर्णय कुठे होतो?

आपल्यातल्या कित्येक घरांची चूल हातगाडीवर पेटते. केळीचा गाडा, बांगड्यांची टोपली, मशिदीच्या कोपऱ्यावरचं टोप्या-अत्तराचं टेबल, संध्याकाळी लागणारी कबाबची शेगडी, रमजानमध्ये महिनाभर मांडलेली खजूर-शेवयांची फळी. या कमाईवर मुलं शिकली, मुलींची लग्नं झाली, म्हाताऱ्या आईबापांची दवापाणी झाली. महापालिकेच्या कागदात मात्र या सगळ्या धंद्याला वर्षानुवर्षं एकच शब्द होता, तो म्हणजे अतिक्रमण.

२०१४ साली कायद्याने हा शब्द बदलला. कायदा या माणसाला पथविक्रेता म्हणतो आणि त्याचा धंदा ही त्याची उपजीविका आहे असं मानतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की शहरात कुठे बाजार भरावा, कुठे भरू नये, कोणाला प्रमाणपत्र मिळावं, हे ठरवताना पथविक्रेत्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी बैठकीत बसलेच पाहिजेत, अशी सक्ती या कायद्याने केली. त्या बैठकीचं नाव नगर पथविक्रेता समिती. ही समिती काय आहे, तिच्यात कोण बसतं, तिला काय करता येतं आणि आपल्या शहरात ती असूनही नसल्यासारखी का वाटते, हे आम्ही इथे सविस्तर देत आहोत. गाडा लावणाऱ्यांनी वाचावंच, पण पक्क्या दुकानवाल्यांनी आणि मोहल्ल्यातल्या शिकल्यासवरल्या मुलामुलींनीही वाचावं. का ते पुढे येईलच.

कायदा एका दिवसात आला नाही

रस्त्यावर धंदा करणं हा हक्क आहे की सरकारची मेहरबानी, हा वाद फार जुना. सोदान सिंग विरुद्ध नवी दिल्ली नगरपालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९८९ मध्ये सांगितलं की रस्त्यावर व्यापार करणं हा संविधानाच्या कलम १९(१)(ग) खालचा मूलभूत हक्क आहे. त्यावर वाजवी बंधनं घालता येतील, पण हक्क मुळातच नाही असं म्हणता येणार नाही. मात्र कोर्टात हक्क मिळाला तरी सकाळी चौकात महापालिकेची गाडी यायची ती येतच राहिली.

मधल्या काळात संघटनांनी हा प्रश्न धरून ठेवला. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या 'सेवा' संघटनेत भाजीवाल्या, जुने कपडे विकणाऱ्या बाया होत्या. पुण्यात बाबा आढावांनी हमालांबरोबर पथारीवाल्यांनाही एकत्र आणलं. केंद्र सरकारने २००४ मध्ये शहरी पथविक्रेत्यांसाठी राष्ट्रीय धोरण केलं आणि २००९ मध्ये ते सुधारलं. धोरणाला कायद्याचं बळ नसतं, त्यामुळे बहुतेक महापालिकांनी ते कपाटात ठेवलं. सप्टेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायदा होईपर्यंत २००९ चं धोरण देशभर लागू करा. त्याच महिन्यात लोकसभेने विधेयक मंजूर केलं, फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यसभेने. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ हा कायदा १ मे २०१४ पासून अंमलात आला. योगायोग बघा, महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन दोन्ही त्याच तारखेला. आपल्या राज्याचे नियम मात्र २०१६ मध्ये आले आणि योजना २०१७ मध्ये.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. रेल्वेच्या मालकीच्या जागेत, फलाटावर आणि गाड्यांमध्ये हा कायदा लागू होत नाही. स्टेशनात विकणाऱ्यांना त्याचा आधार घेता येणार नाही.

समितीत कोण बसतं

महापालिका असेल तिथे आयुक्त अध्यक्ष असतात, नगरपरिषद किंवा नगरपंचायत असेल तिथे मुख्याधिकारी. बाकीच्या खुर्च्यांवर वाहतूक पोलीस, स्थानिक पोलीस, नियोजन विभाग, पालिकेचे आरोग्य अधिकारी, बँका, व्यापारी संघटना आणि रहिवासी संघटना यांचे प्रतिनिधी. स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांना किमान दहा टक्के जागा. आणि पथविक्रेत्यांना किमान चाळीस टक्के. महाराष्ट्रात वीस जणांच्या समितीत त्या आठ होतात.

या आठ जागांबद्दल कायदा तीन गोष्टी स्पष्ट सांगतो आणि त्या तिन्ही आपल्या कामाच्या आहेत. पहिली, हे प्रतिनिधी पथविक्रेत्यांनी स्वतः मतदान करून निवडायचे. नगरसेवकाने सुचवलेला माणूस चालत नाही, युनियनच्या अध्यक्षाने परस्पर दिलेलं नावही चालत नाही. दुसरी, त्यातल्या एक तृतीयांश जागा बायकांच्या. तिसरी, या प्रतिनिधींमध्ये अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक आणि अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व मिळालं पाहिजे. अल्पसंख्याक हा शब्द कायद्यातच आहे, कोणाकडे मागायला जायचं कारण नाही. विक्री प्रमाणपत्र देतानाही याच गटांना आणि स्त्रियांना प्राधान्य द्यावं असं कायदा म्हणतो.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, वीसात आठ म्हणजे बहुमत नाहीच. बरोबर आहे. पण दहा टक्क्यांतल्या संस्थांच्या जागा, व्यापारी संघटनेचा माणूस, रहिवाशांचा माणूस, हे कोणाच्या बाजूने बोलणार ते आधीपासून ठरलेलं नसतं. आमच्या मते समितीचा खरा खेळ तिथेच आहे. फळवाल्यांमुळे आपल्या दुकानावर गिऱ्हाईक येतं हे ज्या दुकानदाराला कळलंय तो बैठकीत एक बोलेल, आणि गाड्यामुळे आपलं शटर झाकलं जातं म्हणून वैतागलेला दुसरं बोलेल. दोघांशी आधी बसून बोलायचं काम पथविक्रेत्यांचं आहे.

सर्वेक्षण आणि प्रमाणपत्र

समितीचं पहिलं काम म्हणजे शहरातल्या सगळ्या पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण. ते दर पाच वर्षांनी व्हायला हवं. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत आधीपासून धंदा करणाऱ्या कोणालाही हटवता येत नाही. कायद्याचं कलम ३ हे सांगतं आणि पथविक्रेत्यासाठी हेच सगळ्यात मोठं संरक्षण आहे.

सर्वेक्षणात सापडलेल्या विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, त्याला मर्यादा आहे ती वॉर्डाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांची. हा आकडा ऐकायला लहान वाटतो, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. २०११ च्या जनगणनेत मालेगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८० हजार होती. अडीच टक्के म्हणजे बारा हजार गाडे. मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख, म्हणजे तीन लाखांहून जास्त. एखाद्या भागात जागेपेक्षा विक्रेते जास्त निघाले तर चिठ्ठ्या टाकून जागा द्यायच्या, आणि उरलेल्यांना लांब न पाठवता शेजारच्याच विभागात बसवायचं.

प्रमाणपत्रासाठी वय किमान चौदा हवं. अर्जदाराने लिहून द्यायचं असतं की धंदा मी स्वतः किंवा माझ्या घरचं माणूस करेल, माझ्याकडे उपजीविकेचं दुसरं साधन नाही, आणि हे प्रमाणपत्र मी कोणाला विकणार नाही की भाड्याने देणार नाही. शेवटची अट जरा नीट वाचावी. बऱ्याच बाजारांत एकाच माणसाच्या नावाने चार-पाच जागा असतात आणि त्या रोजंदारीवर दुसऱ्याला दिलेल्या असतात. उन्हात दिवसभर उभा राहणारा एक, नाव दुसऱ्याचं. कायदा उभा राहणाऱ्याच्या बाजूने आहे, पण सर्वेक्षणाच्या दिवशी तो घाबरून मालकाचं नाव सांगतो. असं झालं की पुढे बोलायला जागा उरत नाही.

महाराष्ट्राच्या योजनेत अधिवास प्रमाणपत्र ही मोठी अट आहे, आणि अर्ज अडकतात ते मुख्यतः तिथे. शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशन कार्ड, वीजबिलं, भाडेकरार, जे असेल ते एका पिशवीत जमा करून ठेवायला आजपासून सुरुवात करावी. नावाचं स्पेलिंग हा आपल्याकडचा जुना त्रास. एका कागदावर शेख अब्दुल, दुसऱ्यावर अब्दुल शेख, तिसऱ्यावर नुसतं अब्दुल आणि बापाचं नाव. कागद दुरुस्त करायला महिने जातात, सर्वेक्षण मात्र दोन-तीन आठवड्यांत आटोपतं. हे आधी करण्याचं काम आहे.

प्रमाणपत्रं तीन प्रकारची मिळतात: एका जागी बसणाऱ्याचं, फिरत्या विक्रेत्याचं, आणि यात न बसणाऱ्या इतर प्रकारांचं. वेळ वाटून घ्यायचीही सोय आहे, म्हणजे सकाळी एका जागेवर भाजीवाली, संध्याकाळी त्याच जागेवर भजीवाला. अरुंद गल्ल्यांच्या जुन्या वस्त्यांना ही सोय फार उपयोगाची आहे.

जुना बाजार हटवता येतो का?

कायद्याच्या मागे दोन अनुसूची जोडलेल्या आहेत. कोणी त्या वाचत नाही, आणि असली माल तिथेच आहे.

पहिल्या अनुसूचीत शहराची पथविक्री योजना कशी करावी ते दिलंय. शहराचे तीन प्रकारचे भाग करायचे: बंधन नसलेले, बंधन असलेले आणि विक्रीला मनाई असलेले. पण मनाईचा भाग मनाला येईल तसा जाहीर करता येत नाही. जो बाजार आधीपासून भरतो, किंवा जिथे लोकांच्या सवयीने आपोआप बाजार तयार झाला आहे, तो भाग ना-फेरीवाला करता येणार नाही. अशा बाजाराला कायदा नैसर्गिक बाजार म्हणतो. गर्दी होते, एवढ्या कारणावर मनाई करता येत नाही. कचरा होतो म्हणूनही नाही, जोपर्यंत तो कचरा निव्वळ विक्रेत्यांचाच आहे आणि पालिकेने साफसफाई करूनही सुटत नाही असं दिसत नाही तोपर्यंत. आणि सर्वेक्षण व योजना झाल्याशिवाय मनाईचा भाग जाहीरच करता येत नाही. चालणाऱ्यांना मोकळं चालता आलं पाहिजे हेसुद्धा त्याच अनुसूचीत आहे, तेही विसरू नये. फूटपाथ सगळा अडवून बसणाऱ्याला हा कायदा पाठीशी घालत नाही.

मुंबईत यात एक वेगळी गोष्ट आहे. तिथे न्यायालयाच्या आदेशांनुसार रेल्वे स्थानकापासून १५० मीटर आणि प्रार्थनास्थळं, शाळा, रुग्णालयांपासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बंदी आहे. मशीद-दर्ग्याच्या दारात बसणाऱ्यांनी हे अंतर लक्षात ठेवूनच अर्ज करावा.

दुसऱ्या अनुसूचीत स्थलांतराची तत्त्वं आहेत. शक्य तोवर हलवू नये. हलवायचं झालं तर जिथे नेणार तिथलं नियोजन करताना विक्रेत्यांना सोबत घ्यावं. नव्या जागी त्यांची कमाई निदान पूर्वीइतकी तरी राहिली पाहिजे. आणि ज्या नैसर्गिक बाजारात पन्नास वर्षांहून जास्त काळ धंदा चालू आहे तो वारसा बाजार जाहीर करावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. आपल्या शहरांतले किती बाजार या व्याख्येत बसतील ते वाचकांनीच मोजावं. आजोबांच्या काळापासून भरणारा जुम्म्याचा बाजार, चौकातली फळगल्ली, भंगार आणि जुन्या सामानाचा आठवडी बाजार. पुराव्याला जुन्या पावत्या, तहबाजारीच्या चिठ्ठ्या, वर्तमानपत्रातली कात्रणं, फोटो कामाला येतात. हे जमवायला वकील लागत नाही, कॉलेजात शिकणारी दोन मुलं पुरतात.

अहमदाबादचा रविवारी बाजार

हे सगळं कागदावर ठीक, प्रत्यक्षात होतं का, असं कोणी विचारेल. अहमदाबादचं उदाहरण पाहू. साबरमतीच्या काठी, एलिस ब्रिजच्या खाली दर रविवारी गुजरी बाजार भरतो. लोक त्याला रविवारी म्हणतात. शहर वसवणाऱ्या सुलतान अहमद शाहाच्या काळापासून, म्हणजे पंधराव्या शतकापासून हा बाजार चालत आल्याचं मानलं जातं. जुनी हत्यारं, लाकडी सामान, भांडी, पुस्तकं, कपडे, सगळं तिथे मिळतं. विक्रेत्यांत मुसलमान आहेत, दलित आहेत, जुने कपडे विकणाऱ्या देवीपूजक बाया आहेत.

नदीकाठ सुशोभीकरणाचा प्रकल्प आला तेव्हा हा बाजार त्या नकाशात कुठे बसेल याची कोणी फिकीर केलेली नव्हती. विक्रेत्यांची संघटना, अहमदाबाद गुजरी असोसिएशन, हायकोर्टात गेली. पण ती नुसती कोर्टात गेली नाही. शहरातल्या व्यवस्थापन संस्थेचे आणि डिझाइन संस्थेचे शिक्षक-विद्यार्थी बाजारात आले. किती विक्रेते, कोण काय विकतं, कुठून येतं, किती जागा लागते, याची मोजणी झाली. मग संघटनेकडे नुसती विनंती नव्हती, बाजार कसा बसवता येईल याचा आराखडा होता. बोलणी झाली आणि २०१४ मध्ये नदीकाठावरच, ओटे बांधलेला नवा बाजार सुरू झाला.

सगळे खूश झाले असं नाही. नव्या जागेची शिस्त वेगळी, तिथले नियम वेगळे, काही जुन्या विक्रेत्यांना पूर्वीची मोकळीक आठवते. पण बाजार शहराबाहेर गेला नाही. दुकानदार, कारागीर, वकील, प्राध्यापक, विद्यार्थी एका कामाला लागले म्हणून हे झालं. मोर्चा एका दिवसाचा असतो. ही मोजणी अनेक रविवार चालली.

ओडिशातल्या भुवनेश्वरने दुसरा मार्ग धरला. तिथे २००७ च्या सुमारास, म्हणजे हा कायदा येण्याच्या कितीतरी आधी, महापालिका, विक्रेत्यांच्या संघटना आणि खाजगी कंपन्या एकत्र बसल्या. शहरात पन्नासहून जास्त विक्री क्षेत्रं आखली आणि एकसारखे ठेले उभे केले. विक्रेत्याला रोजच्या हाकलाहाकलीतून सुटका मिळाली, पालिकेला रस्ता मोकळा मिळाला. विक्रेत्यांची संघटना तिथे आधीपासून मजबूत होती, हे या यशाचं खरं कारण आहे. संघटना नसती तर ठेले कोणाला मिळाले असते, हे सांगायला नको.

आपल्याकडे का अडलंय

मुंबईत २०१४ मध्ये सर्वेक्षण झालं तेव्हा सुमारे ९९ हजार अर्ज आले. छाननीत पात्र ठरले सुमारे १५ हजार. समितीसाठी विक्रेत्यांच्या प्रतिनिधींची निवडणूक ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, म्हणजे कायदा आल्यानंतर तब्बल दहा वर्षांनी. त्या वेळी मतदार यादीत सुमारे ३२ हजार नावं होती, आणि यादीचा वाद कोर्टात होता म्हणून निकाल लगेच जाहीर होऊ शकले नाहीत. वर दिलेला अडीच टक्क्यांचा, तीन लाखांचा हिशेब आठवून पाहा. ज्यांचं नाव यादीत नाही ते शहराच्या हिशेबात नाहीत. मात्र रोज संध्याकाळी त्यांच्याकडूनच शहर भाजी घेतं.

लहान शहरांत अडचण वेगळी. समिती कागदावर बनते, बैठक होत नाही. किंवा बैठक होते आणि निवडून आलेला प्रतिनिधी इतिवृत्त न वाचता सही करून येतो, कारण भाषा सरकारी असते आणि विचारायला लाज वाटते. बाई सदस्य असेल तर बऱ्याचदा तिच्या वतीने नवरा किंवा दीर जाऊन बसतो. हे चालवून घेऊ नये. बांगड्या विकणाऱ्या बाईला बाजारात प्यायचं पाणी आणि संडास कुठे हवा हे जेवढं कळतं तेवढं तिच्या दिराला कळत नाही.

मोहल्ल्यातल्या संस्थांचं काम इथे सुरू होतं. मशिदीचे ट्रस्ट, वाचनालयं, तरुण मंडळं, बचत गट. समितीवर वस्तीपातळीच्या संस्थांना जागा आहेत, आणि लागेल तेव्हा बाहेरच्या जाणकाराला मदतीला बोलावण्याचा अधिकारही समितीला आहे. जुम्म्याच्या नमाजनंतर दहा मिनिटं सर्वेक्षणाची तारीख सांगितली, अर्ज भरायला एक टेबल लावलं, एवढ्यानेही यादीत नावं वाढतात. मात्र हे टेबल सगळ्यांसाठी असावं. बाजारात आपल्या शेजारी बसणारी फुलवाली कुठल्या धर्माची आहे हे बघून अर्ज भरून दिला तर समितीत उद्या आपल्या बाजूने कोण हात वर करेल?

माल उचलला तर

हा भाग कापून गाड्याला चिकटवून ठेवला तरी चालेल.

जागा सोडायला सांगायची तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दिवसाला अडीचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो जप्त मालाच्या किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही. माल जप्त केला तर त्याची यादी करून प्रत विक्रेत्याला द्यावीच लागते. यादी मागा, आरडाओरडा न करता मागा, आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. भांडी, कपडे, वजनकाटा असा न नासणारा माल मागणी केल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत परत द्यायचा. फळं, भाजी, मासळी असा नाशवंत माल त्याच दिवशी परत द्यायचा. ठरलेली फी भरावी लागते, त्याची पावती घ्यावी. पावतीशिवाय दिलेला पैसा हा हप्ता असतो, फी नव्हे.

प्रमाणपत्राच्या अटी पाळून धंदा करणाऱ्याला पोलिसांसह कोणीही अडवू नये, असं कलम २७ सांगतं. त्याच वेळी अटी मोडणाऱ्या विक्रेत्याला दोन हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही आहे. तक्रारीसाठी वेगळी समिती असते. तिचे अध्यक्ष दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी राहिलेले असतात आणि पालिकेचा किंवा सरकारचा नोकर तिच्यावर घेता येत नाही. ज्यांच्याविरुद्ध तक्रार तेच न्यायाला बसू नयेत म्हणून ही काळजी. आपल्या शहरात ही समिती नेमली आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात.

कर्जाचा प्रश्न

पीएम स्वनिधी ही पथविक्रेत्यांसाठीची कर्जयोजना १ जून २०२० रोजी, लॉकडाऊनच्या काळात सुरू झाली. आधी पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने योजनेला ३१ मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ दिली आणि पहिल्या कर्जाची रक्कम पंधरा हजार, दुसऱ्याची पंचवीस हजार केली. तिसरं पन्नास हजारांचंच राहिलं. तारण लागत नाही. वेळेवर फेड केली तर सात टक्के व्याज सवलत खात्यात जमा होते. प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र नसेल तर पालिकेचं शिफारसपत्र घेऊनही अर्ज करता येतो.

हे बँकेचं कर्ज आहे आणि त्यावर व्याज आहे. घ्यावं की नाही हे प्रत्येक घराने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून ठरवावं, त्यात आम्ही पडत नाही. काही शहरांत बिनव्याजी मदत करणाऱ्या पतसंस्था आहेत, त्यांचं दारही ठोठवावं. आम्हाला सांगायचंय ते दुसरंच. "कर्ज नको, व्याज नको" म्हणून काही लोक सर्वेक्षणाच्या टेबलाकडेही फिरकत नाहीत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. सर्वेक्षणात नाव, विक्री प्रमाणपत्र आणि समितीच्या निवडणुकीतलं मत, यासाठी एक रुपयाचंही कर्ज घ्यावं लागत नाही.

अर्ज भरताना घरच्या माणसांच्या रकान्यात बायकोचं आणि मुलांचं नाव पूर्ण आणि आधार कार्डावर आहे तसंच लिहावं. प्रमाणपत्र असलेला माणूस वारला, कायमचा अपंग झाला किंवा आजारी पडला, तर मुदत संपेपर्यंत त्याच जागेवर धंदा करण्याचा पहिला हक्क कायद्याने त्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला दिला आहे, आणि त्यानंतर अवलंबून असलेल्या मुलांना.